जीमेल कुणी काढून दिलं?

यवतमाळ जिल्ह्यात कापूस विकायचा तर आता काट्यावर गाडी लावण्याआधी बरंच काही मोबाइलवर उरकावं लागतं. शेतात उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये कपाशीचा फोटो काढायचा. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. फार्मर आयडी काढायचा. आणि २०२५-२६ च्या हंगामापासून कापूस घेणाऱ्या सीसीआयला हमीभावाने माल द्यायचा असेल तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करायची. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. वीस-पंचवीस क्विंटल कापूस असलेल्या घराचा दीड-दोन लाखांचा व्यवहार असा दहा हजारांच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीपाशी येऊन थांबतो.

अँड्रॉइड बरा की आयफोन, आपली माहिती कोण बघतं, एका कंपनीकडून दुसरीकडे जाता येतं का, हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या नोकरदारांचे म्हणून आजवर बाजूला ठेवले जात. घाटंजी-मारेगावच्या माणसाला ते जास्त लागू आहेत. त्याच्याकडे दुसरा फोन नाही, लॅपटॉप नाही, अडलं तर विचारायला ऑफिसातला आयटीवालाही नाही. म्हणून हे सगळं आतून कसं चालतं ते सावकाश बघू. सुरुवात फोन विकत घेतात त्या काउंटरपासून.

नवा अँड्रॉइड फोन चालू केला की तो भाषा विचारतो, इंटरनेट मागतो आणि मग गूगल खातं मागतो. हा टप्पा वगळता येतो, पण मग प्ले स्टोअर उघडत नाही. म्हणजे व्हॉट्सॲपही नाही आणि सरकारी ॲपही नाही. दुकानात गर्दी असते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तूच टाकून दे ना बाप्पा काहीतरी.’ दुकानातला मुलगा नाव टाकतो, जन्मतारीख बहुतेक वेळा १ जानेवारी टाकतो, पासवर्ड सुचेल तो देतो, आणि ‘खातं परत मिळवण्यासाठी नंबर’ या रकान्यात कधी गिऱ्हाइकाचा, तर नवं सिम अजून चालू झालेलं नसेल तर स्वतःचा नंबर घालतो. फोन चालू होतो, स्टिकर-काच लावून मिळते, सगळे खूश. आपला ईमेल पत्ता काय आणि पासवर्ड काय, हे मालकाला ठाऊक नसतं. दोन-तीन वर्षं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

लक्षात येतं ते फोन हँग होऊ लागला आणि कुणीतरी तो ‘रिसेट’ मारला म्हणजे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून गूगलने चोरीविरुद्ध एक कुलूप घातलेलं आहे. बाहेरची बटणं दाबून फोन जबरदस्तीने पुसला, तर पुन्हा चालू होताना तो आधीचंच गूगल खातं किंवा आधीचं स्क्रीन लॉक मागतो. ते दिलं नाही तर पुढे सरकत नाही. आयफोनमध्ये असंच कुलूप २०१३ पासून आहे. व्यवस्था चोरासाठी केलेली आणि चांगलीच आहे, पण यात घरचा मालकच अडकतो. बिल त्याच्या नावाचं, फोन त्याच्या खिशात, आणि फोनच्या लेखी तो परका. शेतीच्या भाषेत सांगायचं तर फोन हातात असणं ही वहिवाट झाली. सातबारा म्हणजे ते खातं. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे ते बघायला माणूस तलाठ्याकडे जातो, खात्याचं बघायला कुणीच जात नाही.

त्या खात्यामागे काय काय असतं? फोनमधले नंबर, फोटोंची प्रत, कुठे कुठे गेलो याची नोंद (ती चालू असेल तर), यूट्यूबवर काय पाहिलं, आणि ब्राउझरने ‘साठवू का?’ विचारल्यावर हो म्हटलेले सगळे पासवर्ड. पासवर्ड विसरला तर गूगल त्या रकान्यातल्या नंबरवर कोड पाठवू शकतं. म्हणजे तो नंबर ज्याचा, त्याच्या हाती खातं जाण्याची वाट उघडी. दुकानदार लबाड असतो असं अजिबात म्हणायचं नाही. तो बिचारा फुकटात अर्धा तास घालवतो. पण दुकान बंद पडतं, मुलगा नागपूरला जातो, त्याचा नंबर बंद होऊन काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर तिसऱ्याच माणसाला देते. चावी मात्र त्या नंबरापाशीच राहते.

लॉगिन दुसऱ्याच्या हाती गेलं की काय होतं, याचं जिल्ह्याने पाहिलेलं उदाहरण मोबाइलचं नाही, पण जात तीच. आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. २०२५ च्या अखेरीला उघड झालं, की ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या लॉगिनवरून तीन महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्या आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या गावाच्या हद्दीबाहेरच्या. विशेष तपास पथक नेमावं लागलं. संगणकाला गाव दिसत नाही, ग्रामसेवक दिसत नाही. बरोबर आयडी-पासवर्ड टाकणारा तोच त्याच्यासाठी शेंदुरसनी.

तेव्हा नियंत्रणाचा पहिला प्रश्न गूगल की ॲपल हा नव्हेच. आपलं खातं आपल्या नंबरला बांधलेलं आहे का, हा आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलवर टॅप करून ‘तुमचे गूगल खाते व्यवस्थापित करा’ उघडलं की ‘सुरक्षा’ या पानावर तो नंबर दिसतो. त्याच पानावर, या खात्यातून सध्या कोणकोणते फोन-संगणक आत आहेत त्यांची यादीही असते. लाडक्या बहिणीचे अर्ज भरण्याची २०२४ च्या जुलैतली गर्दी आठवा. त्या काळात कितीतरी खाती ऑनलाइन सेंटरच्या संगणकावर उघडली गेली आणि तशीच उघडी राहिली. यादीत अनोळखी नाव दिसलं तर त्यावर टॅप करून साइन आउट करता येतं. फोन बदलायचीही गरज नसते.

आता ॲपकडे येऊ. ॲप म्हणजे परक्याने लिहिलेला कार्यक्रम. त्याला फोनमध्ये सगळीकडे फिरता येऊ नये म्हणून अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतंत्र खोलीत ठेवतं. कॅमेरा, ठिकाण, नंबरांची यादी, एसएमएस यांच्या दारांवर परवानगी लागते. २०१५ पर्यंत या सगळ्या परवानग्या ॲप घेतानाच एकदम द्याव्या लागत. घ्यायचं तर सगळं द्या, नाहीतर ॲप सोडा. अँड्रॉइड ६ पासून ॲप वापरताना एकेक विचारलं जाऊ लागलं. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत ‘फक्त ॲप वापरताना’ ठिकाण देण्याची सोय आली, अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ आलं, आणि बराच काळ न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेणंही आलं. बाराव्यात नेमकं ठिकाण न देता अंदाजे ठिकाण देता येऊ लागलं. आयफोनवर यातलं बरंचसं आधीपासून होतं. अशा बाबतीत दोघांनी एकमेकांची नक्कल केली हे गिऱ्हाइकाच्या पथ्यावरच पडलं.

परवानगी द्यावी की नाही याला एकच कसोटी पुरते: या कामाला ती वस्तू लागते का? ई-पीक पाहणीला कॅमेरा आणि नेमकं ठिकाण लागतं, कारण फोटो त्याच गटात काढला हे सिद्ध व्हायला हवं; तिथे ‘अंदाजे’ देऊन चालणार नाही. पण बॅटरीच्या उजेडाच्या ॲपला तुमच्या पाहुण्यारावळ्यांचे नंबर कशाला हवेत? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नुसता खासगीपणाचा नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी नंबरांची यादी अशीच उचलली आणि हप्ता चुकला की सोयऱ्यांना, गावातल्या लोकांना फोन करून माणसाची बेअब्रू केली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढले, त्यात नंबरांची यादी, कॉलच्या नोंदी, फाइली यांना हात लावायला मनाई केली. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲपना फोटो आणि नंबर मागायला बंदी घातली. बंदी प्ले स्टोअरपुरती, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

कारण अँड्रॉइडवर प्ले स्टोअरबाहेरूनही ॲप घालता येतं. एपीके नावाची फाइल येते, ती उघडली की फोन ‘अज्ञात स्रोत’ असा इशारा देतो, आपण परवानगी दिली की ॲप बसतं. स्वातंत्र्य म्हणून हे फार मोलाचं आहे. कंपनीला न विचारता स्वतःच्या फोनवर हवा तो कार्यक्रम चालवता येणं म्हणजेच फोन आपला असणं. आयफोनवर भारतात ही मुभा नाही. ॲपलच्या दुकानातूनच घ्यायचं. पण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची जी फाइल फिरते, ती याच वाटेने आत येते. बसल्यावर ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर ठगाकडे पाठवते. पुढे आपल्याच नावाने सगळ्या ग्रुपवर तीच फाइल जाते, आणि ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून चार जण उघडतात.

गूगलने यावर ऑगस्ट २०२५ मध्ये तोडगा जाहीर केला. बाहेरून बसवायच्या ॲपच्या निर्मात्यानेही आधी गूगलकडे ओळख पटवावी, असा तो नियम. सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथून, सप्टेंबर २०२६ ला, असं तेव्हा सांगितलं गेलं. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी लगेच आक्षेप घेतला: ठगांच्या नावाखाली उरलेलं दारही गूगलच्या चौकीतून जाणार. मला दोन्ही बाजू पटतात, पण एक बाजू घ्यायचीच तर दार उघडं असावं आणि त्यावरची पाटी मराठीत, ठळक आणि थोडी भीतिदायक असावी, असं वाटतं. नुसतं ‘अज्ञात स्रोत’ वाचून वणीच्या बाजारात उभ्या माणसाला काय कळणार?

खासगीपणाबद्दल ॲपल फार बोलतं आणि त्याला कारण त्याच्या धंद्यात आहे. ॲपल महाग फोन विकून पैसे कमावतं. गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नातले चारापैकी सुमारे तीन रुपये जाहिरातीतून येतात, म्हणून त्याचा फोन स्वस्त पडला तरी चालतो. प्रत्येक फोनला जाहिरातीसाठी एक लांबलचक क्रमांक असतो. वेगवेगळी ॲपं तो क्रमांक वाचून ‘काल खताची चौकशी करणारा आणि आज गाणी ऐकणारा एकच’ हे जुळवतात. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर नियम केला, की हा माग काढण्याआधी ॲपने विचारलं पाहिजे. बहुतेकांनी नाही म्हटलं. फेसबुकच्या मूळ कंपनीने २०२२ साली यामुळे सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं. अँड्रॉइडवर हा क्रमांक आपणहून पुसता येतो: सेटिंग्ज, गूगल, जाहिराती, ‘जाहिरात आयडी हटवा’. फरक एवढाच, की तिथे फोन विचारतो आणि इथे आपण शोधायचं. पण ज्याला शोधायचं आहे हेच ठाऊक नाही त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

ॲपलला साधुपद देण्याची घाई मात्र नको. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं, की आयफोनच्या ब्राउझरमध्ये आधीपासून गूगलचा शोध बसवून ठेवण्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले. माग न काढणारा फोन विकणारी कंपनी, माग काढण्यावर जगणाऱ्या कंपनीला आपल्या दारात जागा भाड्याने देते.

मग माणसं एका कंपनीला चिकटून का राहतात? जाहिरातवाले याला ग्राहकनिष्ठा म्हणतात. याचं सगळ्यात चोख उत्तर मला फोनमध्ये मिळत नाही; ते दारव्हा, पुसद, दिग्रस इथल्या तहसील कचेरीसमोर टायपिंगच्या टेबलावर मिळतं. तिथे अजूनही कृतिदेव चालतो.

कृतिदेव हा फॉन्ट कसा काम करतो ते पाहण्यासारखं आहे. जुन्या संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरं साठवता येत. मराठी छापायची तर एक युक्ती केली गेली: आत इंग्रजी अक्षर आणि खुणाच साठवायच्या, फक्त त्यांना मराठी चेहरा द्यायचा. कृतिदेवमध्ये ‘यवतमाळ’ टाइप केलं की संगणकाच्या पोटात अर्धविराम, ओ, आर, ई, के आणि मोठा जी एवढंच जातं. अर्धविरामाच्या जागी य दिसतो, ओच्या जागी व, आरच्या जागी त. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मुखवटा गळून पडतो आणि आतला अर्धविराम-ओ-आर दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती, एपीएस अशा प्रत्येकाने कोणत्या खुणेला कोणता चेहरा द्यायचा हे आपापलं ठरवलं. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येईना. ज्या प्रेसकडे श्रीलिपी, त्या प्रेसच्या गिऱ्हाइकाकडेही श्रीलिपी हवी. ज्याने दहा वर्षांच्या लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, शाळेच्या प्रश्नपत्रिका कृतिदेवमध्ये जमवल्या, त्याने दुसरीकडे जायचं म्हणजे तो सगळा साठा मागे टाकायचा. शिवाय बोटं. कृतिदेवची बटणं रेमिंग्टन टाइपरायटरच्या जागांवर बसवलेली. ज्याने टंकलेखनाची परीक्षा त्या यंत्रावर दिली, त्याला बघायची गरजच नाही. त्याला नव्या कळपाटावर बसवा, पहिल्या आठवड्यात दिवसाची कमाई अर्धी होईल.

या माणसाला फॉन्ट आवडत होता का? त्याला विचारलं असतं तर तो हसला असता. निघण्याचा खर्च राहण्याच्या त्रासापेक्षा जास्त होता, एवढंच.

कुलूप उघडणारी वस्तू तोवर आलेली होती. १९९१ मध्ये युनिकोड आलं. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. ‘य’ला स्वतःचा क्रमांक, जो विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स सगळीकडे एकच. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने देवनागरी दिली ती मंगल या फॉन्टसह. तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. म्हणजे शतक उलटायच्या आत रस्ता तयार होता. तरीही छापखाने वीस वर्षं जुन्याच जागी राहिले, कारण ज्या पेजमेकरवर पानं लावली जात त्याला युनिकोडची मराठी कळत नव्हती आणि त्या पेजमेकरची नवी आवृत्ती येणंच २००० नंतर थोड्याच वर्षांत थांबलं. जुन्या मजकुराला नव्यात आणणारे परिवर्तक निघाले. ते साधा मजकूर नीट आणतात, रफार आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ आले की अडखळतात. टेबलावरची मक्तेदारी शेवटी कुणी समजावून मोडली नाही. फोनवर मराठी आली ती युनिकोडमध्येच आली. कृतिदेववर दिवसभर बसणारा टंकलेखक संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मराठी लिहितो तेव्हा त्याने आपला जुना गट सोडलेला असतो, आणि ते त्याच्या ध्यानातही नसतं.

निघण्याचा खर्च कायद्याने कमी केला तर काय होतं याचंही उदाहरण समोर आहे. पूर्वी सिमकार्डाची कंपनी बदलली की नंबर जाई. नंबर म्हणजे सगळी ओळख, म्हणून लोक रेंज नसतानाही जुन्याच कंपनीत राहत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. १९०० वर ‘पोर्ट’ असा एसएमएस करायचा, कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा त्या एका महिन्यात लाखो लोक बीएसएनएलकडे गेले. ज्या बीएसएनएलच्या टॉवरची आपण इतकी वर्षं थट्टा केली, तिच्याकडे! निष्ठा तेवढीच होती.

नंबर असा नेता येतो, व्हॉट्सॲपचा ग्रुप नेता येत नाही. कापसाचे भाव, ग्रामपंचायतीचा निरोप, शाळेचा अभ्यास, मयतीची खबर, सगळं तिथे. तुम्हाला दुसरं चांगलं ॲप मिळालं तरी एकट्याने जाऊन उपयोग नाही. सगळा गाव उठायला हवा. या बळावरच २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या: मान्य करा, नाहीतर वापरता येणार नाही. त्यात मेटा या मूळ कंपनीशी माहिती वाटून घेण्याचा मुद्दा होता. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी यासाठी मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला. (या आयोगालाही इंग्रजी आद्याक्षरांनी सीसीआयच म्हणतात. कापूस घेणारी सीसीआय वेगळी. तिचा याच्याशी संबंध नाही.) जाहिरातीसाठी माहिती वाटण्यावर आयोगाने पाच वर्षांची बंदीही घातली होती. ४ नोव्हेंबर २०२५ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि बंदी उठवली. याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरच्या वर्चस्वाबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला होता. त्यानंतर गूगलला भारतात सांगावं लागलं, की फोन कंपन्यांनी आमची सगळी ॲपं एकगठ्ठा घ्यायलाच हवीत असं नाही.

व्हॉट्सॲपमधला मजकूर २०१६ पासून दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. मधली कंपनी तो वाचू शकत नाही, हे खरं आहे. तुम्ही कुणाशी, केव्हा, किती वेळा बोलता हे मात्र त्या कुलपात येत नाही. आणि एक फट आपल्याच बाजूला असते. गूगल ड्राइव्हवर जाणारी चॅटची प्रत आपोआप कुलूपबंद होत नाही. २०२१ पासून तशी सोय आहे, पण ती चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते, आणि तिचा पासवर्ड हरवला तर प्रत कुणालाच, अगदी व्हॉट्सॲपलाही, उघडता येत नाही. ज्या घरात पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात त्या घराने ती सोय घ्यावी. जिथे लिहीतच नाहीत तिथे घेऊ नये, असं मी सांगतो.

संगणकाच्या टेबलावर हाच खेळ वेगळ्या रूपात झाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला सुरक्षेची एक ठरावीक चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. सेतू केंद्रांतले बरेच संगणक त्यात बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या संगणकांसाठी आणखी एक वर्षाची दुरुस्ती ठेवली: ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने आत येऊन सेटिंग्जची प्रत आमच्याकडे ठेवा, मग फुकट. युरोपात ग्राहक संघटनांनी ओरड केली म्हणून तिथे प्रतीची अट गेली; आपल्याकडे राहिली. पैसे नाहीतर खातं, इतक्या उघडपणे हा भाव क्वचितच फळ्यावर लिहिला जातो. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या संगणकावर छान चालतं. केरळच्या शाळा वर्षानुवर्षं त्यावर आहेत. पण आपल्या केंद्रात ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं डोंगल, प्रिंटर आणि कृतिदेव हे सगळं विंडोजवर बसवलेलं असतं, आणि केंद्रचालकाला एक दिवस दुकान बंद ठेवणं परवडत नाही.

कायदा आता या बाजूला थोडा वळला आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम १४ नोव्हेंबर २०२५ ला आले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय द्यावी लागेल. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं ठेवावं लागेल. मात्र अनुदान, लाभ, दाखले यांसाठी सरकार जी माहिती घेतं तिथे संमतीचं गणित वेगळं आहे. ती बऱ्याच प्रमाणात संमतीशिवाय वापरता येते. आमच्या जिल्ह्यात माणसाची सगळ्यात जास्त माहिती मागतात त्या सरकारी योजनाच, हे लक्षात घेतलं तर कायद्याचा हा भाग बारकाईने वाचायला हवा.

तोवर हाताशी असलेली कामं करून ठेवता येतात. फोनमधले नंबर नुसत्या सिमवर किंवा नुसत्या फोनवर न ठेवता ‘संपर्क’ ॲपमधून एक्सपोर्ट केले की एकच व्हीसीएफ फाइल बनते. ती अँड्रॉइड, आयफोन दोघांनाही कळते. गूगलकडचं सगळं उचलायला ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. फोटो खूप असतील तर ते काम रात्री वायफायवर लावावं. व्हॉट्सॲपची चॅट अँड्रॉइडमधून आयफोनमध्ये आणि उलटही आता नेता येते, पण त्यासाठी दोन्ही फोन हाताशी आणि चालू लागतात. म्हणून जुना फोन विकण्याआधीच ते करायचं.

जुना फोन देताना क्रम चुकवू नये. आधी नंबर, फोटो आणि चॅट नव्या फोनवर आल्याची खात्री. मग जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून गूगल खातं काढायचं; आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून साइन आउट. बँकेची आणि पैशाची ॲपं काढायची. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यायचं. रिसेट त्यानंतर, सेटिंग्जमधूनच. कुणी घाईत आधी बटणं दाबून रिसेट मारला तर एक्सचेंजवाला दुकानदार फोन हातात घेतो, चालू करतो, जुनं खातं मागणारा पडदा बघतो आणि परत देतो. मग ज्याने चार वर्षांपूर्वी जीमेल काढून दिलं होतं त्याला शोधायला निघायचं.